धुके ओळखा, मोहोर सांभाळा

पौष-माघात आंबा मोहोरला की रत्नागिरीच्या बागायतदाराचे डोळे पहाटे आभाळाकडे लागतात. धुके दिसले की घरात काळजी सुरू होते. पण सगळे धुके एका जातीचे नसते. ते कसे पडते हे कळले, तर बागेत केव्हा फिरायचे तेही उमजते.

हवेत पाण्याची वाफ असते. उबदार हवेत ती जास्त मावते, थंड हवेत कमी. हवा निवली की जास्तीच्या वाफेचे बारीक थेंब होतात. पानावर जमले तर दव. हवेत तरंगले तर धुके. धुके म्हणजे जमिनीला टेकलेला ढगच. १ किलोमीटरच्या आतलेही दिसेनासे झाले, तर हवामानशास्त्रात त्याला धुके म्हणतात.

आपल्याकडे हिवाळ्यात पडते ते बहुतेक जमीन निवल्यामुळे. आभाळ निरभ्र असले की रात्री जमिनीची ऊब वर निघून जाते. ढग असले तर घोंगडीसारखे ती अडवतात. थंड हवा जड, म्हणून ती उतारावरून खाली येऊन वाशिष्ठी, शास्त्री, काजळी यांच्या खोऱ्यांत साठते. म्हणून खोलगट बागेत धुके दाट पडते आणि उशिरा उठते. वाऱ्यावरचा सडा लवकर मोकळा होतो.

नदीच्या कोमट पाण्यावर गार हवा आली की वाफाळल्यासारखे दिसते, तो दुसरा प्रकार. पावसाळ्यात आंबा घाटात गाडीचे दिवे लावावे लागतात, तो तिसरा: समुद्रावरची दमट हवा सह्याद्री चढताना निवते. चौथे समुद्री धुके. उबदार दमट हवा थंड पाण्यावरून गेली की ते होते. कॅनडाजवळच्या न्यूफाउंडलंडच्या समुद्रात ते नेहमीचे.

आता मोहोराचे. धुके मोहोर जाळत नाही; त्याची ओल घात करते. मोहोर बराच वेळ ओला राहिला की करपा फावतो. दमट, गार हवेत भुरी पसरते. दमट, ढगाळ हवा तुडतुड्यांना मानवते.

तेव्हा धुक्यानंतर आधी खोलगटातली कलमे पाहा. मोहोर हलवून तुडतुडे उडतात का बघा. ओल्या मोहोरावर फवारू नका. औषध ओघळून जाते. ऐन फुलोऱ्यातही हात आवरा, कारण फळ धरवणाऱ्या माश्या मरतात. औषध व प्रमाण दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणेच घ्या. फांद्यांची विरळणी करून ऊन-वारा आत खेळू द्या. धुके आपल्या हाती नाही. मोहोर लवकर सुकवणे मात्र आहे.