ठेंगणी मोटार आणि तिच्या स्प्रिंगा

पुण्याहून पंढरपुराकडे जाणाऱ्या वाटेवर माळशिरस मागें टाकून पुढें आलें कीं वेळापूर लागतें. अर्धनारीनटेश्वराच्या प्राचीन देवालयामुळें आणि आषाढीच्या वारींतील ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या मुक्कामामुळें हें गांव महाराष्ट्राला परिचित आहे. याच वाटेनें वारकरी पिढ्यान्‌पिढ्या पायीं गेले, बैलगाड्या गेल्या, टांगे गेले आणि मागाहून एस. टी.च्या गाड्या धांवूं लागल्या. नोव्हेंबर २०२१ मध्यें या पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. आतां मुंबई-पुण्याकडील एखादा हौशी गृहस्थ आपली जुनी, दोन आसनांची, शर्यती घाटाची मोटार घेऊन या बाजूस निघाला, तर त्यास एकाच प्रवासांत दोन निराळे रस्ते भेटतात. एक सपाट, रुंद आणि वेगाला मोकळा. दुसरा गांवांत शिरणारा, गतिरोधकांनीं अडविलेला आणि उंसाच्या गाड्यांनीं खचलेला. मोटार ठेंगणी करून तिच्या स्प्रिंगा बदलूं पाहणाऱ्यानें पहिला प्रश्न स्वतःस विचारावयाचा तो हाच, कीं ही निवड यांपैकीं कोणत्या रस्त्यासाठीं?

मोटार ठेंगणी करण्यांत केवळ डौलाचा हव्यास असतो असें नाहीं. गाडीचा गुरुत्वमध्य जितका खालीं, तितकी ती वळणावर कमी कलते आणि बाहेरील चाकांवर पडणारा भार मर्यादेंत राहतो. इंग्लंडांतील ॲबिंग्डन येथें १९६२ पासून १९८० पर्यंत तयार झालेली एम. जी. बी. ही मोटार या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. अमेरिकेंतील बंपरविषयक नियमांसाठीं १९७४ सालीं या गाडीची उंची इंच-दीड इंच वाढविण्यांत आली. परिणामीं ती वळणावर पूर्वीपेक्षां अधिक झुकूं लागली, आणि पुष्कळ मालक तिला पुन्हां मूळच्या उंचीवर आणूं लागले. तेव्हां गाडी खालीं घेण्याची इच्छा सर्वस्वीं अनुचित नव्हे. किती खालीं घ्यावयाची, एवढाच खरा वाद आहे.

हा वाद सुटण्यासाठीं दोन वस्तूंचीं कामें वेगळीं ओळखलीं पाहिजेत. साध्या बैलगाडीला स्प्रिंग नसते. दगडावर चाक चढलें कीं त्याबरोबर सारी गाडी उचलली जाते. टांग्याला पोलादी कमान असते, म्हणून चाक वर जातें पण बसणाऱ्यास तेवढा हिसका बसत नाहीं. जितका भार तितका ताण, हा स्प्रिंगेचा नियम रॉबर्ट हुक या शास्त्रज्ञानें १६७८ सालीं प्रसिद्ध केला. परंतु स्प्रिंग ही प्रामाणिक सावकारासारखी आहे. ठेव म्हणून घेतलेली शक्ति ती जवळजवळ सगळी परत करते. दाबली गेलेली स्प्रिंग उसळते, पुन्हां दबते, पुन्हां उसळते, आणि गाडी नांवेप्रमाणें डोलत राहते. ही परत येणारी शक्ति तेलाच्या घर्षणांत घालवून तिची उष्णता करणें हें धक्काशोषकाचें, म्हणजे ज्यास सर्वजण शॉक-अब्सॉर्बर म्हणतात त्याचें काम. गाडीचें वजन स्प्रिंग पेलते. शॉक-अब्सॉर्बर तें पेलत नाहीं. म्हणूनच नवे शॉक-अब्सॉर्बर घालून दबलेली गाडी वर येत नाहीं, आणि कडक स्प्रिंगा घालून गाडीचें डोलणें थांबत नाहीं.

गाडी मिनिटास किती वेळां डोलते यावरून स्प्रिंगेचा कडकपणा चांगला समजतो. गाडीच्या भारानें स्प्रिंग चाकापाशीं मोजून २५ सेंटिमीटर दबत असेल, तर मिनिटास सुमारें ६० आंदोलनें होतात. ती ११ सेंटिमीटर दबत असेल तर ९०, आणि अवघी सहा सेंटिमीटर दबत असेल तर १२०. माणसाचें शरीर चालतांना ज्या लयीनें हेलकावतें, तिच्या आसपासचीं आंदोलनें त्यास सुखाचीं वाटतात. म्हणून कुटुंबाच्या मोटारी ६० ते ९० च्या दरम्यान ठेवतात, आणि शर्यती घाटाच्या रस्त्यावरील मोटारी साधारणतः ९० ते १२० पर्यंत नेतात. त्यापलीकडे गेल्यास खडबडीत रस्त्यावर चाक जमिनीला चिकटून न राहतां उड्या मारूं लागतें, आणि ज्या पकडीसाठीं हा खटाटोप केला तीच नाहींशी होते.

आतां ठेंगणेपणाची किंमत पाहूं. समजा, एखाद्या मोटारीचें चाक नेहमींच्या स्थितीपासून रबरी ठोकळ्याला टेंकेपर्यंत आठ सेंटिमीटर वर जाऊं शकतें, आणि मिनिटास ७५ आंदोलनें होतात. ती गाडी दोन सेंटिमीटर खालीं घेतली म्हणजे चाकाला सहाच सेंटिमीटर उरतात. तोच धक्का कमी अंतरांत झेलावयाचा, तर स्प्रिंगेचा कडकपणा अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत वाढवावा लागतो. आठाचे सहा झाले कीं तो पावणेदोन पटींहून किंचित् अधिक होतो, आणि आंदोलनें ७५ वरून १०० वर जातात. हें सोसण्यासारखें आहे. पण गाडी चार सेंटिमीटर खालीं घेतली, तर उरलेल्या चार सेंटिमीटरांसाठीं स्प्रिंग चौपट कडक हवी आणि आंदोलनें १५० वर जातात. अशी गाडी चालविणें म्हणजे पुन्हां बैलगाडींत बसणें होय. स्प्रिंग तेवढी कडक न करतां गाडी चार सेंटिमीटर खालीं घेतली, तर दुसरेंच संकट ओढवतें. भर वळणावर एखादा खड्डा लागतांच चाक ठोकळ्यावर आदळतें, त्या क्षणीं स्प्रिंग जणूं नाहींशीच होते, आणि टायरची पकड एकाएकीं सुटते. जुन्या मोटारींचे पुष्कळ अपघात याच एका क्षणांत घडूं शकतात.

स्प्रिंग निवडतांना म्हणून तिच्या रंगरूपाकडे न पाहतां मापाकडे पाहावें. वेटोळ्या स्प्रिंगेचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानें वाढतो. तार दशांशानें जाड केली कीं स्प्रिंग जवळजवळ दीडपट कडक होते. वेटोळीं कमी केलीं तरीहि ती कडक होते. आठ वेटोळ्यांतील एक कापलें तर कडकपणा सातव्या हिश्श्यानें वाढतो, गाडी मात्र पुष्कळच खालीं बसते. म्हणजे उंची फार गेली आणि बळ थोडें मिळालें. स्प्रिंग ज्योतीनें तापवून खालीं बसविणें तर निव्वळ अविचार होय, कारण त्यानें पोलादाचें पाणी उतरतें. शिवाय स्प्रिंग चाकावर प्रत्यक्ष उभी नसून दांड्यावर मध्यें कोठें तरी बसविलेली असते. ती दांड्याच्या मध्यावर असेल, तर तिच्या कडकपणाचा चौथाच हिस्सा चाकाला मिळतो. कडक स्प्रिंग भारानें कमी दबते, म्हणून तिची मोकळी लांबीहि मुळांत आंखूड असावी लागते. आणि चाक खालीं लोंबकळतांना ती आपल्या बैठकींतून सुटणार नाहीं, हेंहि तपासावें लागतें. मागच्या बाजूस पाट्यांची कमान असल्यास तिची कमानदार वक्रता कुशल कारागिराकडून कमी करून घेतां येते. आंस आणि कमान यांमध्यें ठोकळा घालण्याचा उपाय स्वस्त खरा, पण वेग घेतांना कमानीस पीळ अधिक बसतो.

स्प्रिंग ठरल्यावरच शॉक-अब्सॉर्बर ठरवावयाचा. स्प्रिंग पावणेदोन पट कडक झाली, तर धक्काशोषकाचा प्रतिकार सुमारें एकतृतीयांशानें वाढवावा लागतो. नाहींतर नवी स्प्रिंग जुन्या शॉक-अब्सॉर्बरला जुमानीत नाहीं. तथापि तो अतोनात कडक करणेंहि चुकीचें. परतीच्या वेळीं अति ताठर असलेला शॉक-अब्सॉर्बर लागोपाठच्या खड्ड्यांवर स्प्रिंगेला पूर्ण पसरूं देत नाहीं, आणि गाडी प्रत्येक खड्ड्यागणिक अधिकाधिक खालीं दबत जाते. एम. जी. बी.मध्यें आणखी एक खुबी आहे. तिच्या पुढच्या धक्काशोषकाचा दांडाच चाकाच्या वरच्या भुजेचें काम करतो. तो झिजला कीं डोलणें तर वाढतेंच, पण चाकाचा कलहि बिघडतो. अशा गाडींत नव्या स्प्रिंगांवर पैसा घालण्यापूर्वीं या दांड्याच्या बुशिंगा पाहणें शहाणपणाचें. मुंबईंत १९६१ सालीं स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियासारख्या कारखान्यांमुळें नळीच्या आकाराचे शॉक-अब्सॉर्बर आतां भारतांत सर्वपरिचित झाले आहेत. ते घेतांना त्यांची मिटलेली लांबी पाहावी. ठेंगण्या गाडींत लांब नळी रबरी ठोकळ्याच्या आधींच आंतून आदळते आणि फुटते. सोलापूर जिल्ह्याच्या उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांवर चढतो आणि तेल पातळ होतें, हेंहि विसरतां कामा नये.

आतां पुन्हां गांवाकडे वळूं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीप्रमाणें गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा; त्याच्या वक्राची त्रिज्या १७ मीटर येते. एम. जी. बी.च्या पुढील व मागील चाकांत २.३१ मीटर अंतर आहे. तिचीं चाकें अशा गतिरोधकाच्या दोन्ही उतरणींवर असतांना माथ्याचा वक्र पोटाखालील चार सेंटिमीटर जागा खातो. गाडीचें पोट भारासह जमिनीपासून बारा सेंटिमीटर उंच असेल, तर आठ सेंटिमीटर शिल्लक राहतात. परंतु कित्येक गांवांत गतिरोधक तितकाच उंच आणि हातभर रुंद बांधलेला असतो. तेथें दोन्ही चाकें सपाटीवर आणि माथा मधोमध, म्हणजे पूर्ण दहा सेंटिमीटर जातात आणि दोनच उरतात. गाडी दोन सेंटिमीटर खालीं घेतलेली असेल, तर उरलें कांहींच नाहीं. पहिला ओरखडा सायलेन्सरवर आणि दुसरा तेलाच्या टांकीवर बसतो.

कायद्याचाहि विचार अवश्य करावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें नोंदणीपत्रांतील मूळ तपशिलाशीं न जुळणारे फेरफार निषिद्ध ठरविले आहेत. पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठीं २०२१ सालीं वेगळे नियम झाले. त्यांत गाडी मूळ रूपांत असण्यावर भर आहे. म्हणून काढलेला प्रत्येक जुना भाग जपून ठेवावा, आणि पुन्हां बसवितां येणार नाहीं असा छेद सांगाड्याला देऊं नये.

तेव्हां क्रम असा राहतो. दोन माणसें आणि सामान गाडींत ठेवून प्रथम पोटाची उंची मोजावी आणि नेहमींच्या रस्त्यावरील सर्वांत वाईट गतिरोधक ध्यानांत घ्यावा. मग चाकाला वर जाण्यास किती जागा उरते तें पाहून स्प्रिंगेचा कडकपणा, त्यावरून तिची लांबी, आणि त्यानंतर शॉक-अब्सॉर्बर ठरवावा. शेवटीं चाकांचे कोन नव्यानें जुळवून घ्यावेत. बहुतेक लोक हा क्रम उलटा धरतात; आधीं चाकाच्या कमानींतील फट डोळ्यांस शोभेल इतकी मिटवितात आणि बाकीचें सारें नशिबावर सोडतात. चौपदरी रस्त्यावर तें निभावून जातेंहि. पण वेळापुरांत शिरतांना पहिला गतिरोधक आला, कीं गाडीचा मालक रस्ता निवडून निघाला होता कीं केवळ रूप, हें गाडीचें पोटच सांगून जातें.