रेफरी चुकला म्हणजे नेमकं काय चुकलं?

११ जून २०२४. दोह्यात विश्वचषक पात्रता फेरीचा सामना सुरू होता आणि भारत कतारविरुद्ध १-० असा पुढे होता. मुंबई सिटीच्या लालियानझुआला छांगतेने ३७ व्या मिनिटाला गोल केला होता. सामना जिंकला असता तर भारत तिसऱ्या फेरीत गेला असता. ७३ व्या मिनिटाला कर्णधार गुरप्रीतसिंग संधूने एक हेडर अडवला, चेंडू खांबाच्या बाजूने रेषेबाहेर गेला आणि आपले खेळाडू थांबले. कतारच्या खेळाडूने तो बाहेरून पायाने आत ओढला, युसुफ आयमनने जाळ्यात मारला आणि दक्षिण कोरियाचे रेफरी किम वू-संग यांनी गोल दिला. पुढे भारत २-१ असा हरला आणि स्पर्धेबाहेर गेला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने चौकशीची मागणी केली.

तो राग रास्तच होता. चेंडू बाहेर गेला होता. पण त्या रात्रीपासून आपल्याकडे फुटबॉलमधला प्रत्येक नकोसा निर्णय ‘दोह्यासारखाच’ ठरवला जातो, आणि तिथेच घोळ होतो. रेफरीच्या निर्णयांच्या जाती वेगवेगळ्या असतात. चेंडू बाहेर गेला की नाही, ही एक. टॅकल धोकादायक होता की नाही, ही दुसरी. आणि दिसलं त्याला नियम बरोबर लावला की नाही, ही तिसरी. टीका करायची तर यातलं नेमकं काय चुकलं, हे आधी कळायला हवं.

‘बॉल बाहेर होता, आंधळ्यालाही दिसलं!’

नियम असा आहे की संपूर्ण चेंडूने संपूर्ण रेषा ओलांडली तरच तो बाहेर. चेंडू गोल असल्यामुळे त्याचा जमिनीला टेकलेला भाग रेषेपलीकडे असूनही फुगीर कड रेषेवर असू शकते. २०२२ च्या विश्वचषकात जपानच्या मितोमाने स्पेनविरुद्ध असाच एक चेंडू परतवला आणि तनाकाने गोल केला. टीव्हीवर बाजूने पाहणाऱ्या बहुतेकांना तो बाहेर वाटला. वरून घेतलेल्या चित्रात त्याची कड रेषेवर असल्याचं दिसलं. जपान जिंकला आणि त्याच गटातला जर्मनी घरी गेला. निर्णय बरोबर होता.

दोह्यात तो चुकला. ‘गोललाइन तंत्रज्ञान का नव्हतं?’ असं तेव्हा अनेकांनी विचारलं, पण ते तंत्रज्ञान फक्त दोन खांबांमधली रेषा पाहतं. २०१० मध्ये इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डने जर्मनीविरुद्ध मारलेला चेंडू क्रॉसबारला लागून रेषेच्या बराच आत पडला, तरी गोल मिळाला नाही. त्या लाजिरवाण्या प्रसंगानंतर २०१२ मध्ये या तंत्रज्ञानाला मान्यता मिळाली. दोह्यातला चेंडू मात्र खांबाबाहेरून गेला होता. तिथे उपयोग झाला असता तो व्हिडिओ पंचांचा, म्हणजे व्हीएआरचा, आणि पात्रतेच्या त्या फेरीत व्हीएआर नव्हता. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. विश्वचषकाची वाट ज्या सामन्यातून जाते, तिथे रेफरी आणि लाइनमनला गर्दीतून रेषेवरचे काही सेंटिमीटर नुसत्या डोळ्यांनी ओळखायला का लावलं?

‘नियम म्हणजे नियम, त्यात रेफरीचं मत कसलं?’

आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं. रनआउट मोजता येतो, पायचीतचा मार्ग संगणक काढतो. तीच अपेक्षा आपण फुटबॉलकडून ठेवतो. फुटबॉलच्या नियमांत मात्र रेफरीचं मत स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. पाचवा नियम सांगतो की निर्णय रेफरीच्या मतावर, नियमांवर आणि खेळाच्या भावनेवर आधारलेले असतील आणि योग्य कारवाई ठरवण्याची मोकळीक त्याला असेल.

बहुतेक फाउल तीन पायऱ्यांवर तोलले जातात. निष्काळजी टॅकल असेल तर फक्त फ्री किक. समोरच्याला धोका आहे याची पर्वा न करता घुसला असेल तर पिवळं कार्ड. गरजेपेक्षा जास्त जोर लावून प्रतिस्पर्ध्याला इजेच्या तोंडी दिलं असेल तर लाल. या पायऱ्यांमध्ये आखलेली रेषा नाही. वेग, अंतर, बुटाचे खिळे कुठे लागले, पाय किती उंच होता, हे सगळं अर्ध्या सेकंदात तोलायचं असतं. दोन चांगले रेफरी एकाच टॅकलला वेगळी शिक्षा देऊ शकतात आणि दोघांचंही समर्थन करता येतं.

मैदानात सर्वांत जास्त ऐकू येणारा दावा म्हणजे ‘आधी बॉलला लागला!’ आजच्या नियमांत अशी सूट कुठेही नाही. चेंडू आधी मिळवला आणि मग त्याच जोरात समोरच्याची नडगी फोडली, तर लाल कार्ड मिळू शकतं. ‘शेवटचा माणूस’ हा शब्दही नियमात सापडत नाही. तिथे उघड गोलची संधी हिरावली का, हे पाहतात: गोलपासून अंतर किती, खेळाची दिशा कोणती, चेंडू ताब्यात राहण्याची शक्यता किती, बचावपटू किती आणि कुठे. शेवटचा माणूस असूनही पिवळं कार्ड मिळतं ते यामुळे. २०१६ पासून तर पेनल्टी क्षेत्रात चेंडू खेळण्याच्या खऱ्या प्रयत्नात फाउल झाला, तर पेनल्टीसोबत लालऐवजी पिवळं कार्ड मिळतं.

हँडबॉलबद्दल लोकांचा राग मला समजतो, कारण तो नियम गेल्या काही वर्षांत वारंवार बदलला. पण हाताला लागला की हँडबॉल, हे कधीच खरं नव्हतं. हात मुद्दाम चेंडूकडे नेला का, किंवा हाताने शरीर अनैसर्गिकरीत्या मोठं केलं का, हे रेफरी पाहतो. ‘अनैसर्गिक’ म्हणजे काय? त्या क्षणी धावताना, उडी मारताना, पडताना हात तिथे असणं शोभतं का, हे मतच. हात कुठून सुरू होतो, तेवढं नियमाने ठरवून दिलं: काखेच्या तळाच्या रेषेच्या वरचा भाग खांदा. स्वतःच्या हाताला चुकून लागून लगेच केलेला गोल रद्द होतो. सहकाऱ्याच्या हाताला चुकून लागला असेल, तर २०२१ पासून तेवढ्यावरून रद्द होत नाही.

‘शिट्टी कुठे वाजवली?’

३ मार्च २०२३ ला बंगळूरच्या कंठीरवा स्टेडियमवर आयएसएलचा बाद फेरीचा सामना जादा वेळेत गेला. सुनील छेत्रीने फ्री किक झटकन मारली. केरळ ब्लास्टर्सची भिंत उभी राहिलेली नव्हती, गोलरक्षक तयार नव्हता. चेंडू जाळ्यात गेला आणि रेफरी क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला. शिट्टीच झाली नाही, म्हणत केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संघ मैदानाबाहेर नेला. पुढे क्लबला ४ कोटी रुपये दंड झाला, प्रशिक्षकांवर १० सामन्यांची बंदी आली.

फ्री किक घ्यायला शिट्टी लागते, हा समज इतका पक्का आहे की व्यावसायिक संघही त्यावर विसंबतात. फाउल ज्याच्यावर झाला, त्याला लगेच खेळ सुरू करण्याचा हक्क आहे. भिंत मागे नेण्यासाठी किंवा कार्ड दाखवण्यासाठी रेफरीने ‘थांब’ म्हटलं, तरच शिट्टीची वाट पाहावी लागते. आपल्याला भिंत नको आणि शिट्टीही नको, असं रेफरीला सांगितलं होतं, असं छेत्रीने सामन्यानंतर म्हटलं. वाद घालायला जागा होती ती फक्त एका प्रश्नापुरती: रेफरीने थांबायला सांगितलं होतं का? चर्चा मात्र आठवडाभर शिट्टीवरच झाली.

चूक मताची आणि चूक नियमाची

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्याकडे त्यावर जवळजवळ बोललंच जात नाही. रेफरीला चुकीचं दिसलं, तर निकाल बदलत नाही. खेळ पुन्हा सुरू झाला की तो स्वतःही तो निर्णय फिरवू शकत नाही. दोह्याचा गोल म्हणून राहिला. पण बरोबर दिसूनही रेफरीने नियमच चुकीचा लावला, तर सामना पुन्हा होऊ शकतो.

सप्टेंबर २००५ मध्ये ताश्कंदमध्ये उझबेकिस्तान–बहरीन पात्रता सामन्यात उझबेकिस्तानला पेनल्टी मिळाली आणि ती गोलमध्ये गेली. मात्र किक मारण्याआधीच त्यांचा एक खेळाडू क्षेत्रात शिरला होता. तेव्हाच्या नियमानुसार अशा वेळी पेनल्टी पुन्हा घ्यायची होती. जपानी रेफरी तोशिमित्सु योशिदा यांनी बहरीनला इनडायरेक्ट फ्री किक दिली. उझबेकिस्तान तरीही १-० असा जिंकला, पण फिफाने अख्खा सामना पुन्हा खेळवला. तो १-१ झाला. परतीचा सामना ०-० झाला आणि परक्या मैदानावरच्या गोलच्या जोरावर बहरीन पुढे गेला. चूक उझबेकिस्तानच्या विरोधात झाली होती आणि दुरुस्तीने नुकसानही त्यांचंच केलं.

दहा वर्षांनी, एप्रिल २०१५ मध्ये, इंग्लंड आणि नॉर्वेच्या १९ वर्षांखालील मुलींच्या सामन्यात अगदी हीच चूक झाली. या वेळी युएफाने फक्त पेनल्टीपासूनचा उरलेला खेळ पुन्हा घ्यायला लावला. पाच दिवसांनी दोन्ही संघ जमले, लीआ विल्यमसनने पेनल्टी मारली, २-२ झाले आणि काही सेकंदांत सामना संपला. तीच लीआ विल्यमसन पुढे इंग्लंडची कर्णधार झाली.

‘व्हीएआर आहे, आता चूक कशी?’

व्हीएआर २०१८ मध्ये नियमांत आला तो चार प्रसंगांसाठी: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि भलत्याच खेळाडूला कार्ड. तिथेही त्याने ‘स्पष्ट आणि उघड’ चूक असेल तरच मध्ये पडायचं. ‘मी असतो तर पेनल्टी दिली असती’ एवढ्यावर निर्णय बदलायचा नसतो. रिप्ले पाहून घरबसल्या आपण देतो तो निकाल नेमका याच प्रकारचा असतो.

संथ रिप्लेचा धोका वेगळाच. फ्रेम थांबवली की साधा टॅकलही क्रूर दिसतो आणि अनवधानाने वर गेलेला हात मुद्दाम नेल्यासारखा वाटतो. म्हणून संथ चित्र वापरायचं ते स्पर्श कुठे झाला, चेंडू बाहेर गेला का, असल्या वस्तुस्थितीसाठी. टॅकलमधला जोर मूळ वेगातच पाहायचा, असं व्हीएआरची कार्यपद्धती सांगते.

आणि यंत्रामागे शेवटी माणसंच बसतात. ३० सप्टेंबर २०२३ ला टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस दियासचा गोल मैदानात ऑफसाइड ठरवला गेला. व्हीएआर कक्षात रेषा आखून तो ऑफसाइड नसल्याचं दिसलंही. पण तिथल्या पंचाचा समज असा की मैदानावर गोल दिलेलाच आहे. त्याने ‘तपासणी पूर्ण’ म्हटलं आणि खेळ सुरू झाला. चूक काही सेकंदांत लक्षात आली, पण नियमानुसार खेळ थांबवता येत नव्हता. इंग्लंडच्या पंच संघटनेने चूक कबूल केली आणि त्या कक्षातलं संभाषण प्रसिद्ध केलं. निर्णय बरोबर, निरोप चुकला.

‘विकला गेलाय!’

विकले गेलेले रेफरी झाले आहेत. जर्मनीच्या रोबर्ट होयझरने सट्टेबाजांसाठी सामने फिरवले, २००५ मध्ये हे उघडकीला आलं आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्याच्याविषयीचा संशय जर्मन महासंघाकडे नेला तो त्याच्याच सहकारी पंचांनी.

सर्रास आढळणारा प्रभाव मात्र पैशाचा नाही, गर्दीचा आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात पात्र पंचांना लिव्हरपूल–लेस्टर सामन्यातले टॅकल दाखवले, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह आणि काहींना आवाजाविना. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. स्पेनच्या लीगमधल्या एका अभ्यासात दिसलं की यजमान थोडक्यात मागे असले की इंज्युरी टाइम वाढतो आणि पुढे असले की आखडतो. २०२० मध्ये करोनामुळे रिकाम्या मैदानांवर सामने झाले, तेव्हा अनेक लीगमध्ये पाहुण्या संघांना मिळणारी कार्डं घटली. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे समर्थक जो आवाज उठवतात, त्याचा शिट्टीवर परिणाम होत नसेल असं मी म्हणणार नाही. तो परिणाम न ठरवता, नकळत होतो. अशा माणसाला भ्रष्ट म्हणणं अन्याय आहे, आणि त्याला पक्षपात शिवूच शकत नाही असं मानणंही चूक आहे.

अन्याय शब्दांवर थांबत नाही. स्वीडनचे अँडर्स फ्रिस्क यांनी २००५ मध्ये बार्सिलोना–चेल्सी सामन्यानंतर आलेल्या धमक्यांमुळे निवृत्ती घेतली. मे २०२३ मधल्या युरोपा लीगच्या अंतिम सामन्यानंतर अँथनी टेलर आणि त्यांच्या कुटुंबाला बुडापेस्टच्या विमानतळावर जमावाने घेरलं. ११ डिसेंबर २०२३ ला अंकारात हलील उमुत मेलेर यांना अंकारागुजू क्लबच्या अध्यक्षांनी मैदानातच ठोसा मारला, खाली पडल्यावर इतरांनी लाथा घातल्या. तुर्कीतल्या सगळ्या लीग काही दिवस बंद राहिल्या. सहा महिन्यांनी मेलेर युरो स्पर्धेत बेल्जियम–स्लोव्हाकिया सामन्याला उभे राहिले आणि त्यांनी व्हीएआरच्या मदतीने बलाढ्य बेल्जियमच्या लुकाकूचे दोन गोल रद्द केले.

मोठ्या स्पर्धांत अशा पंचांभोवती पोलीस असतात. गावच्या मैदानावर शिट्टी धरणाऱ्याभोवती कुणी नसतं. आणि गोव्याच्या उवेना फर्नांडिस २०१६ मध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात सहायक पंच म्हणून पोहोचल्या, तशा उद्याच्या पंच तयार व्हायच्या त्या याच मैदानांवरून.

म्हणून माझी मागणी साधी आहे. २०२३ च्या महिला विश्वचषकात रेफरींनी व्हीएआरनंतरचे निर्णय माइकवरून संपूर्ण स्टेडियमला सांगितले. इंग्लंडमध्ये वादग्रस्त निर्णयांचं संभाषण चाहत्यांना ऐकवलं जातं. आपल्याकडच्या सामन्यांतही हे व्हायला हवं, आणि त्यासाठी महागड्या व्हीएआरची वाट पाहायची गरज नाही. कंठीरवावर रेफरी आणि छेत्री यांच्यात काय बोलणं झालं, ते त्याच रात्री सर्वांना ऐकवता आलं असतं, तर भांडण शिट्टीवर न होता त्या एका वाक्यावर झालं असतं.