अकरावीची केमिस्ट्री राहून गेली? बारावीआधी एवढे करा

दहावीचा ताण संपला की अकरावी म्हणजे ‘रेस्ट इयर’, हा समज महाराष्ट्रातल्या ज्युनिअर कॉलेजांत चांगलाच रुजलेला आहे. अकरावीला बोर्डाची परीक्षा नसते. पुढे जाण्यापुरते गुण कॉलेजच्या परीक्षेत मिळून जातात आणि बारावीचे वर्ग सुरू झाले की केमिस्ट्रीच्या तासाला फळ्यावरचे काहीच कळेनासे होते. कुणाचा प्रवेशच उशिरा झालेला असतो, तर कुणी आजारपणात कित्येक महिने घालवलेले असतात. अशा मुलांना दोन सल्ले हमखास मिळतात: ‘अकरावीचे पुस्तक पहिल्या पानापासून वाच’ किंवा ‘अकरावी सोड, बारावीचेच बघ’. पहिल्यात वेळ जातो आणि दुसऱ्यात पायाच राहून जातो. बारावीला खरोखर लागणारी अकरावी थोडी आहे. ती नेमकी ओळखून क्रमाने केली, तर दीड-दोन महिन्यांत हाताशी येते.

आधी निवड करा

राज्य मंडळाच्या सध्याच्या पुस्तकांत अकरावीला १६ आणि बारावीला १६ प्रकरणे आहेत. अकरावीतली किरणोत्सर्ग, अधिशोषण व कलिले, गट १३ ते १५ मधली मूलद्रव्ये, दैनंदिन जीवनातील रसायनशास्त्र ही प्रकरणे महत्त्वाची आहेत, पण त्यांच्यावाचून बारावीचा धडा अडत नाही. ती मागे ठेवा. बारावी अडते ती पाच गोष्टींपाशी.

१. मोल

सर्वांत आधी हीच. एका मोलमध्ये ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण असतात, हे पाठ असून भागत नाही. ग्रॅमवरून मोल, मोलवरून कण, मोलवरून द्रावणाची तीव्रता असे पुढे-मागे जाता आले पाहिजे. बारावीतले ‘द्रावणे’ हे प्रकरण यावरच चालते. १८ ग्रॅम ग्लुकोज म्हणजे ०.१ मोल. ते एक किलो पाण्यात विरघळवले, की पाण्याचा गोठणबिंदू ०.१८६ अंश सेल्सिअसने उतरतो. ५.८५ ग्रॅम मीठ म्हणजेही ०.१ मोल, पण मिठाचे दोन आयन होतात आणि उतार जवळजवळ दुप्पट पडतो. हा फरक ज्याला मोलच्या अंगाने दिसतो, त्याला सूत्रे घोकावी लागत नाहीत. याच्या जोडीला ‘द्रव्याच्या अवस्था’ या प्रकरणातले आदर्श वायूचे समीकरण करून घ्या. परासरण दाब आणि ऊष्मागतिकी, दोन्हीकडे ते लागते.

२. ऑक्सिडेशन नंबर

विद्युत रसायनशास्त्र कठीण वाटण्याचे मुख्य कारण हे, की कोणता अणू इलेक्ट्रॉन देतो आणि कोणता घेतो, ते पटकन ओळखता येत नाही. प्रॅक्टिकलमधले टायट्रेशन घ्या. पोटॅशियम परमँगनेटमध्ये मँगनीज +७ असतो आणि आम्लयुक्त द्रावणात तो +२ होतो, म्हणजे पाच इलेक्ट्रॉन घेतो. मोहर सॉल्टमधले लोह +२ वरून +३ वर जाताना एकच इलेक्ट्रॉन देते. म्हणून एका परमँगनेटला पाच लोह आयन लागतात. जर्नलमधले गणित एवढ्यावर उभे आहे. तांब्याच्या विलेपनाचा हिशोबही असाच: +२ आयनाला दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून ६३.५ ग्रॅम तांबे जमा व्हायला दोन गुणिले ९६,५०० कूलोम प्रभार लागतो. रेडॉक्सचे प्रकरण करताना रोज तीन-चार समीकरणे स्वतः बॅलन्स करा, नुसती वाचू नका.

३. इलेक्ट्रॉनची मांडणी आणि बंध

अणुरचनेच्या प्रकरणाचा इतिहास तूर्त बाजूला ठेवला तरी चालेल. पहिल्या ३० मूलद्रव्यांची इलेक्ट्रॉन मांडणी, क्रोमियम व तांबे यांचे अपवाद, आयन होताना आधी ४एस मधले इलेक्ट्रॉन जातात हा नियम, आवर्तसारणीतले कल आणि संकरण एवढे पक्के हवे. संक्रमण मूलद्रव्ये आणि कोऑर्डिनेशन संयुगे ही दोन प्रकरणे त्यावर उभी आहेत. निकेलच्या +२ आयनात डी कक्षेत आठ इलेक्ट्रॉन असतात. चार क्लोराइड जोडले की आकार चतुष्फलकीय होतो आणि दोन इलेक्ट्रॉन एकटे राहतात. चार सायनाइड जोडले की इलेक्ट्रॉनच्या जोड्या जुळतात, आकार समतल चौरस होतो आणि चुंबकीय गुण बदलतो. मांडणी लिहिता येत असेल तर हे उत्तर काढता येते, नाहीतर पाठ करावे लागते आणि परीक्षेत विसरते.

४. समतोल आणि लॉग

‘आयनिक समतोल’ हे प्रकरण अकरावीच्या ‘रासायनिक समतोला’चा पुढचा भाग आहे. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या ०.१ मोलर द्रावणाचा पीएच १ असतो, पण तेवढ्याच तीव्रतेच्या ॲसिटिक आम्लाचा सुमारे २.९. ॲसिटिक आम्लाचे थोडेच रेणू विघटित होतात आणि उरलेल्यांशी समतोल साधला जातो, म्हणून हा फरक पडतो. समतोल स्थिरांक कसा लिहायचा आणि ला शातेलिएचे तत्त्व काय सांगते, एवढे आधी समजून घ्या.

इथेच लॉगची गाठ पडते. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते. बायोलॉजी घेऊन मॅथ्स सोडलेल्यांची खरी अडचण अनेकदा केमिस्ट्री नसून लॉग असतो. त्यासाठी आठवडाभर रोज अर्धा तास द्या. पीएच, नर्न्स्ट समीकरण आणि रासायनिक गतिकी, तिन्ही ठिकाणी त्याचा उपयोग होतो.

५. ऑर्गॅनिकचा पाया

बारावीत ऑर्गॅनिकची प्रकरणे सलग येतात, आणि तिथे सर्वांत जास्त पाठांतर होते ते पाया नसल्यामुळे. संयुगांची नावे, समघटक, प्रेरणिक परिणाम, संस्पंदन, कार्बोकॅटायनची स्थिरता आणि हायड्रोकार्बनच्या मुख्य अभिक्रिया एवढे अकरावीतून घ्या. ॲनिलिन अमोनियापेक्षा दुबळी आम्लारी का? कारण तिच्या नायट्रोजनवरची इलेक्ट्रॉनची जोडी बेंझीनच्या कड्यात वाटली जाते. असे ‘का’ विचारत गेलात, तर अल्कोहोल, फिनॉल आणि अमाइन यांच्यातला क्रम आपोआप लक्षात राहतो.

वेळ कसा बसवायचा

अकरावीनंतरची सुट्टी हाताशी असेल तर पहिले दोन आठवडे मोल आणि ऑक्सिडेशन नंबर, पुढचे दोन मांडणी व बंध, मग आठवडाभर समतोल व लॉग आणि शेवटचे दोन ऑर्गॅनिक, असे करा. कॉलेज सुरू झाले असेल, तर वर्गातले प्रकरण सुरू होण्याआधी दोन-तीन दिवस त्याचा अकरावीचा भाग उरका: ‘द्रावणे’च्या आधी मोल, ‘हॅलोजन संयुगां’च्या आधी ऑर्गॅनिकचा पाया.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी पुस्तक जड जात असेल, तर नववीतला ‘द्रव्याचे मोजमाप’ आणि दहावीतला ‘कार्बनी संयुगे’ हे धडे आधी मराठीत वाचावेत. त्यात कमीपणा काही नाही. आणि प्रॅक्टिकल चुकवू नका. बोर्डाच्या १०० गुणांपैकी ३० तिथले आहेत.

सीईटी आणि नीट देणाऱ्यांसाठी

राज्याच्या सीईटीत साधारण २० टक्के भार अकरावीच्या निवडक प्रकरणांवर असतो. मागे ठेवलेल्यांपैकी अधिशोषणासारखी काही प्रकरणे त्यात येतात, म्हणून ती दिवाळीनंतर करा. नीट आणि जेईई मेनमध्ये मात्र अकरावी व बारावी दोन्हींचे प्रश्न येतात. तिथे पूर्ण अकरावीचे वेगळे वेळापत्रक लागेलच.

तयारी झाली का, हे कसे ओळखावे

पुस्तक न उघडता हे पाच प्रश्न सोडवा.

१. ९.८ ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल असलेल्या ५०० मिलिलिटर द्रावणाची मोलॅरिटी किती?
२. पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये क्रोमियमचा ऑक्सिडेशन नंबर किती?
३. लोहाच्या +३ आयनात एकटे इलेक्ट्रॉन किती?
४. ०.००२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच किती?
५. ॲसिटिक आणि क्लोरोॲसिटिक आम्लांत तीव्र कोणते, आणि का?

उत्तरे अशी: ०.२, +६, ५, सुमारे २.७, क्लोरोॲसिटिक, कारण क्लोरीन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो. पाचही बरोबर आली, तर अकरावीकडे पुन्हा वळायची गरज नाही, थेट बारावीचे पुस्तक हातात घ्या. जे चुकले तेवढ्यापुरतेच मागे जा आणि अडलेले शिक्षकांना निःसंकोच विचारा. वर्ष वाया गेले म्हणून विषय आपल्याला जमणारच नाही, असे मानून केमिस्ट्री सोडून देऊ नका. राहून गेलेला भाग मोजका आहे आणि तो भरून काढता येतो.