पुसलेली पट्टी आणि पाचशेचा दंड

पारशिवनीहून नागपूरला कोणी उगाच जात नाही. दवाखाना असतो, नाहीतर लेकरांच्या कागदपत्रांचे काम. आम्ही आईला डॉक्टरांकडे न्यायला मोटारसायकलवर गेलो. रस्त्याच्या कडेला दहा-बारा गाड्या उभ्या होत्या, त्यांच्याच ओळीत आमची लावली. संध्याकाळी मोबाईलवर पाचशे रुपयांचे चलान! परत जाऊन पाहिले तर पार्किंगची पांढरी पट्टी अर्धी पुसलेली आणि मनाईची पाटी झाडाच्या फांदीआड.

"पट्टीच दिसत नाही, तं पैसे कायले भरतं?" आई म्हणाली.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ही म्हण आपल्या समाजाच्या उपयोगाची नाही. महाडच्या तळ्याचा दावा बाबासाहेबांनी १९३७ साली उच्च न्यायालयात जिंकला, तो दहा वर्षे लढूनच. कुठे तो लढा, कुठे आमचे पाचशे. पण एका दिवसाची मजुरी मुकाट्याने का सोडावी?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १७७ २०१९ साली दुरुस्त झाले. आता पहिल्या वेळी ५०० आणि पुन्हा चूक झाल्यास १५०० रुपयांपर्यंत दंड होतो. म्हणून पहिले चलान हलके समजू नये. आणि घाईने पैसेही भरू नयेत, कारण पैसे भरले की प्रकरण तिथेच मिटते, मग भांडायला काही उरत नाही. लोकअदालतीत रक्कम कमी होऊ शकते, पण ती तडजोड असते. आपण निर्दोष आहोत असा निकाल तिथे लागत नाही. तो हवा असेल तर कोर्टात गुन्हा नाकबूल करावा लागतो.

नुसते "पाटी दिसली नाही" म्हणून भागत नाही, ते दाखवावे लागते. त्यामुळे फोटो त्याच दिवशी काढावेत. गाडी चालवणाऱ्याच्या नजरेतून पाटी कशी दिसते, पट्टी कुठे संपते, आजूबाजूची दुकाने, सारे त्यात यावे. चलानासोबतचा पोलिसांचा फोटोही नीट पाहावा. कधी त्यातच पुसलेली पट्टी दिसते. हे सारे जोडून वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर तक्रार करता येते.

वकिलाचा खर्च? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मागता येतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांनाही १९९० च्या दुरुस्तीने तो दर्जा मिळाला. दाखला मात्र घरात तयार हवा. आपल्या किती घरांत हे माहीत आहे?

आमच्या तक्रारीचे उत्तर अजून आलेले नाही. फोटो आणि तक्रारीचा क्रमांक आईच्या दवाखान्याच्या फाईलीतच ठेवला आहे.