भूकवचातील ताण व प्राणहितेचे खोरे

दिनांक ४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी तेलंगणातील मुलुगू जिल्ह्यात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला व त्याचे धक्के गडचिरोली जिल्ह्यातही जाणवले. 'जमीन का हलते?' या विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांनी आपल्या परिसरातूनच द्यावे.

बांबूची कांब हळूहळू वाकवून दाखवावी. प्रथम तिच्यात ताण साठतो. मर्यादा ओलांडताच ती कडकन मोडते व हातास हादरा बसतो. खडकांचेही असेच होते. भारताचा भूखंड वर्षास सुमारे ५ सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे सरकून आशियास रेटीत आहे. त्या दाबाने वळ्या पडून हिमालय उंचावला. खडक जेथे तुटून सरकतात, त्या जागेस प्रस्तरभंग म्हणतात. तेथे साठलेला ताण एकाएकी सुटला की भूकंप होतो.

आलापल्लीच्या पश्चिमेस वाहणाऱ्या प्राणहितेचे खोरे ही अशीच प्रस्तरभंगांमधील भूमी खचून कोट्यवधी वर्षांपूर्वी बनलेली खचदरी होय. तीत गाडल्या गेलेल्या वनस्पतींपासून चंद्रपूर-बल्लारपूरचा कोळसा झाला. ते जुने भंग आजही दाबाखाली आहेत.

भूकंपाची वेळ आधी सांगता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात हजारो माणसे दगडमातीच्या जड भिंतींखाली सापडून दगावली. म्हणून हादरे चालू असता मुलांनी बाकाखाली, बाक नसल्यास भिंतीपासून दूर, डोके झाकून बसावे व ते थांबताच रांगेने पटांगणात यावे. हा सराव प्रत्येक शाळेने अवश्य करून घ्यावा.