दारू शिशाला मानवली पाहिजे

अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात किल्ल्यावरचा दारूखाना कसा असावा हे सांगितले आहे. तो राहत्या घराजवळ नको, घराच्या वाऱ्याखाली नको. सदरेपासून अंतर राखून तळघर करावे, त्यात गच्च करावी, आत ओल शिरू देऊ नये. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू बाहेर काढावी, तिला ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावी. शिराळ्याच्या पश्चिमेला, चांदोली आणि प्रचितगडाच्या अंगाने ज्याने एक तरी पावसाळा काढला आहे, त्याला ही काळजी लगेच पटेल. तिथे भिंतीही पाझरतात. अशा मुलखात दारूची निवड म्हणजे आधी कोरडेपणाची निवड होती.

बंदुकांवर आपल्याकडे लिहिले जाते ते नळीबद्दल, नक्षीबद्दल आणि पराक्रमाबद्दल. नळीत भरल्या जाणाऱ्या दारूबद्दल कोणी फारसे बोलत नाही. शिशाची गोळी आणि तिला ढकलणारी दारू यांचा मेळ बसला नाही, तर उत्तमातली उत्तम बंदूक निरुपयोगी ठरते, हे चारशे वर्षांचे सत्य आहे. आज परदेशात जुन्या लष्करी रायफली जपणारे लोक ओतीव गोळीसाठी दारू निवडताना जे प्रश्न विचारतात, तेच प्रश्न आपल्या तोडेवाल्या बरकंदाजापुढेही होते.

त्या काळी सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू एवढा एकच पर्याय होता. पण त्यातही निवड होती, ती दाण्याची. बारीक दाणा झपाट्याने पेटतो, म्हणून तो बंदुकीच्या कानात. जाड दाणा सावकाश जळतो, म्हणून तो तोफेत. शिसे मऊ, लवकर वितळणारे आणि जड. काळ्या दारूचा दाब त्याला सोसवतो, आणि म्हणूनच ही जोडी इतकी शतके टिकली. कोळसा जागेवर मिळे, पण शिशासाठी समुद्राकडे आणि परदेशी व्यापाऱ्यांकडे पाहावे लागे. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरचे इंग्रज आपला दारूगोळा घेऊन त्याच्या मदतीला आले होते. दारू आणि शिसे ज्याच्या हाती, त्याच्या मैत्रीला किती किंमत असते, हे आपल्या शेजारच्या डोंगरावरच दिसले. महाराजांनी पुढच्याच वर्षी राजापूरची वखार लुटून त्या मदतीचा हिशेब चुकता केला.

काळ्या दारूचा मोठा दोष म्हणजे तिचा मळ. दर बाराबरोबर नळीत काजळी साचते, ती हवेतली ओल ओढून घेते आणि पुढची गोळी ठासणे कठीण होते. एकोणिसाव्या शतकात फौजेच्या बंदुकांत आट्यांच्या, म्हणजे आतून पीळदार खाचांच्या, नळ्या सर्रास झाल्या, तसा हा दोष जास्त जाचू लागला. फ्रेंच अधिकारी मिनिएच्या नावाने ओळखली जाणारी गोळी हा त्यावरचा तोडगा. नळीपेक्षा किंचित बारीक, बुडाशी पोकळ, शुद्ध मऊ शिशाची. बार उडाला की दारूच्या दाबाने तिचे बूड फुगते आणि आट्यांत बसते. म्हणजे दारूच गोळीला नळीच्या मापाची करते. १८५३ ची एन्फिल्ड याच तत्त्वावर चाले आणि तिच्याच चरबी लावलेल्या काडतुसांनी १८५७ पेटले. त्या साली ३१ जुलैला कोल्हापुरात २७ वी पलटण उठली, ती शिराळ्यापासून फार लांब नव्हे.

पुढची मार्टिनी-हेन्री मला या सगळ्या वंशातली सर्वांत प्रामाणिक बंदूक वाटते. ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची गोळी, तिच्यामागे ८५ ग्रेन काळी दारू. शिशाच्या बारा भागांना कथलाचा एक भाग घालून गोळी थोडी कठीण केलेली आणि तिला कागद गुंडाळलेला, कारण वाढलेल्या वेगाला उघडे शिसे नळीत पुसले जाऊ लागले होते. शिशाची मर्यादा कुठे येते, ते या कागदाने दाखवून दिले.

ती मर्यादा ओलांडली .३०३ ने. ही ली-मेटफर्ड रायफल १८८८ मध्ये आली तेव्हा तिच्या काडतुसातही दाबून बसवलेली काळी दारूच होती, हे आज अनेकांना ठाऊक नसते. दोन-तीन वर्षांतच कॉर्डाइट आले. नायट्रोग्लिसरीन आणि नायट्रोसेल्युलोज यांच्या सळ्यांची ही धूरविरहित दारू. सत्तर ग्रेन काळ्या दारूचे काम तिने सुमारे तीस ग्रेनमध्ये केले, वेग वाढवला आणि धुराचा पडदा संपवला. शिशाची उघडी गोळी या रायफलच्या वेगापुढे टिकणारी नव्हती, म्हणून तिला सुरुवातीपासूनच तांबे-निकेलचे कवच होते. पण कॉर्डाइटने दुसरीकडे सूड उगवला. मेटफर्डचे उथळ, गोलसर आटे काळ्या दारूच्या मळासाठी आखलेले होते, ते कॉर्डाइटच्या आचेने झिजून गेले. म्हणून १८९५ मध्ये खोल, काटकोनी असे पाच आटे आले, आणि ली-मेटफर्डची ली-एन्फिल्ड झाली. एक दारू बदलली म्हणून अख्ख्या साम्राज्याची रायफल बदलावी लागली.

हिंदुस्थानात या दारूगोळ्याची दोन जुनी घरे. खडकीचा कारखाना १८६९ पासूनचा, आणि कॉर्डाइटचा कारखाना १९०४ पासून निलगिरीत अरुवंकाडूला. स्वातंत्र्यानंतर भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला दारू बनवणारा मोठा कारखाना उभा राहिला. तिथे २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात किमान आठ कामगार गेले. दारूवर लिहिताना ती बनवणाऱ्या हातांना विसरून चालणार नाही.

आता आमच्या भागाशी थेट नाते सांगणारी बंदूक. १८५७ नंतर सरकारने ठरवले की, हिंदी पोलिसाच्या हाती आट्यांची रायफल द्यायची नाही. इशापूरच्या कारखान्यात ली-एन्फिल्डला .४१० ची गुळगुळीत नळी बसवली गेली आणि काडतुसांची पेटी लाकडी ठोकळ्याने बंद करून ती एकबारी केली गेली. तिचे काडतूस म्हणजे .३०३ चीच पितळी नळी, फक्त मान न आवळता सरळ ठेवलेली. आत शिशाची गोळी किंवा छरे. जुन्या लष्करी सांगाड्यात कमी जोराची दारू आणि साधे शिसे, हा आज परदेशातल्या छांदिष्टांना आवडणारा प्रयोग इथे राज्यकर्त्यांच्या अविश्वासातून जन्मला होता. पोलिसांच्या बंदुकांशी आमच्या भागाची गाठ स्वातंत्र्यलढ्यात पडली. १० सप्टेंबर १९४२ रोजी इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्यात पंड्या आणि बारपटे हुतात्मा झाले. आदल्या दिवशी वडूजला नऊ जण पडले होते. ब्रिटिशांविरुद्ध समांतर कारभार चालवणाऱ्या प्रतिसरकारच्या माणसांनी पुढे पोलिसांच्याच बंदुका हिसकावल्या आणि शस्त्रांसाठी गोव्याची वाटही धरली. शिराळ्याच्या वरच्या अंगाला मणदूर-सोनवड्याच्या रानात क्रांतिकारक किसन अहिर आणि नानकसिंग पोलिसांशी लढताना पडले. २५ फेब्रुवारीला त्यांना आजही अभिवादन होते. या मुलखात बंदुकीकडे नुसता छंद म्हणून पाहता येत नाही, आणि मला ते योग्यच वाटते.

तरीही छंदाची बाजू समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यात खरे शास्त्र आहे. अमेरिका-युरोपात शंभर वर्षांची ली-एन्फिल्ड, माउजर, स्प्रिंगफील्ड बाळगणारे परवानाधारक लोक तिला पूर्ण जोराच्या काडतुसांनी झिजवत नाहीत. ते स्वतः शिशाची गोळी ओततात आणि हलकी दारू भरतात. .३०३ चे ‘मार्क ७’ लष्करी काडतूस १७४ ग्रेनची गोळी सेकंदाला २,४४० फुटांनी फेकते. ओतीव गोळीला साधारण १,२०० ते १,८०० फूट मानवतात. त्याच्या वर गेले तर शिसे आट्यांवरून घसरते, नळीत थर धरते आणि नेम जातो.

इथे पहिला प्रश्न गोळीच्या कठीणपणाचा. शुद्ध शिशाचा ब्रिनेल अंक सुमारे ५. अँटिमनी आणि कथील मिसळलेल्या लायनोटाइपच्या धातूचा सुमारे २२. ज्या धातूच्या ओळी पाडून छपाई होत असे, त्याला आज परदेशात गोळ्या ओतणारे शोधत फिरतात. दुसरा प्रश्न मापाचा. झिजलेल्या .३०३ च्या नळ्या एकसारख्या राहिलेल्या नाहीत. गोळी सैल असेल, तर फटीतून निसटणारा तापलेला वायू तिचे बूड कापतो. म्हणून नळीत मऊ शिसे ठोकून तिचे खरे माप घेतात, गोळी त्याहून केसभर जाड ठेवतात आणि बुडाला तांब्याची बारीक वाटी बसवतात.

मग दारू. भुशाची आग आणि ओंडक्याची आग यांत जो फरक, तोच इथे. पिस्तुलाच्या किंवा छऱ्यांच्या काडतुसांची जलद दारू अगदी थोडी लागते, स्वस्त पडते आणि हलक्या नेमबाजीला उत्तम. ‘युनिक’ हे त्यातले विसाव्या शतकाच्या आरंभापासूनचे नाव. पण ती रायफलच्या मोठ्या काडतुसात तळाशी पडून राहते. चुकून दुप्पट पडली तरी डोळ्याला दिसत नाही, आणि अशा चुकीने जुन्या रायफली फुटल्या आहेत, माणसे जखमी झाली आहेत. याउलट पूर्ण जोराच्या काडतुसाची मंद दारू कमी भरली, तर दाब पुरेसा चढत नाही, ती अर्धवट जळते, बार उशिरा होतो. बनवणाऱ्याने सांगितलेल्या किमान मात्रेखाली ती कधीच उतरवू नये. या दोहोंच्या मधली ‘२४००’ सारखी दारू मला सर्वांत समंजस वाटते. गोळीला ती एकदम धक्का देत नाही, काडतुसात जागाही जलद दारूपेक्षा जास्त भरते. रिकामी जागा भरायला कापसासारखे काही कोंबण्याची पद्धत काही जण वापरतात. मी तिच्या बाजूचा नाही, कारण नळी फुगण्याचा धोका त्यातून येतो.

आणि जुन्या लष्करी काडतुसांच्या टोप्यांतला क्षार नळी गंजवतो, हे वेगळेच. म्हणून पलटणीत गोळीबारानंतर नळीतून उकळते पाणी ओतत. पावसाळी मुलखातल्या माणसाला ही शिस्त शिकवावी लागत नाही.

हे सगळे वाचून इथे कोणी हात घालू नये. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे .३०३ हे सामान्य नागरिकाला निषिद्ध बोअर आहे, आणि परवान्याशिवाय घरी काडतुसे भरणे गुन्हा आहे. पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्यानेही दारू परवान्यातल्या अटींनुसारच आणावी आणि साठवावी. आमच्या वाळवा-शिराळा भागात माजी सैनिकांची घरे पुष्कळ. एखाद्या जुन्या ट्रंकेत, माळ्यावर पितळी काडतुसे निघतात. ती उडवून पाहू नका, उघडू नका, पितळेसाठी भंगारात घालू नका. जुनी दारू कशी वागेल, याचा भरवसा कोणीच देऊ शकत नाही. जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा आणि त्यांनाच नेऊ द्या. ट्रंकेतली बाकीची चीज मात्र जपा: पलटणीचे पुस्तक, पदके, पत्रे, आणि आजोबांनी सांगितलेली रायफल साफ करण्याची रीत. ती रीत अजून सांगू शकणारी माणसे घराघरांत आहेत. त्यांच्याजवळ या दिवाळीत बसा आणि लिहून घ्या.