निलंबन, छोट्या मोटारगाडीचे
चाके व सांगाडा यांना जोडणाऱ्या स्प्रिंगा, धक्काशोषक, भुजा व रबरी बुश यांच्या रचनेस निलंबन म्हणतात. स्प्रिंग भार पेलते व धक्क्याची ऊर्जा साठविते; धक्काशोषकातील तेल अरुंद छिद्रांतून वाहताना त्या ऊर्जेची उष्णता होऊन हेलकावे शमतात. म्हणून सुधारणा करताना दोन्ही परस्परांस अनुरूप निवडावी लागतात. स्प्रिंगेची दृढता दुप्पट केल्यास दोलनांची कंप्रता सु. १·४ पट होते. धक्काशोषक जुनेच ठेवल्यास दोलने पुरेशी शमत नाहीत, चाकांची रस्त्यावरील पकड सुटते व गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते.

पुण्याहून जेजुरीमार्गे मोरगावास (ता. बारामती) दर्शनास निघालेल्या कुटुंबाच्या गाडीत पाच माणसे व सामान असल्यास स्प्रिंगा आधीच दबलेल्या असतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधकाची उंची १० सेंमी. असावी, प्रत्यक्षात ती पुष्कळदा अधिक असते. आखूड स्प्रिंगा बसवून गाडी खाली आणल्यास तिचा तळ तेथे घासतो. यास्तव प्रथम झिजलेले बुश व धक्काशोषक बदलून टायरांतील हवेचा दाब तपासावा. त्यानंतरही गाडी फार डोलत असल्यास उत्पादकाने ठरविलेल्या उंचीच्या, किंचित अधिक दृढ स्प्रिंगा अनुरूप धक्काशोषकांसह बसवाव्यात व शेवटी चाकांचे संरेखन करून घ्यावे.